पोट लहान झाले, मनाची भूक उरली



चातुर्मास सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. अठाईच्या आधी आहार कसा असावा, पारण्याला काय घ्यावे, मधुमेह असताना एकासणे झेपेल का, असे प्रश्न दरवर्षी येतात आणि त्यांची उत्तरे देताना मलाही आनंद होतो. यंदा त्या पत्रांमध्ये एक निराळे पत्र आले. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ते येथे देत आहे. प्रश्न एकट्या त्यांचा नाही. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या समाजातही नवलाईची राहिलेली नाही. मात्र तिच्यानंतर काय घडते, याविषयी घरात कोणी बोलत नाही.

त्या लिहितात :

“माझे वय ४१. आमचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान आहे आणि मीही दुकानात बसते. सोळा महिन्यांपूर्वी माझी स्लीव्ह पद्धतीची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११६ किलो होते. साखर आणि रक्तदाब दोन्हींच्या गोळ्या चालू होत्या. वर्षभरात वजन ७४ वर आले, साखरेची गोळी बंद झाली. आता काटा ८० दाखवतो. कारण मला ठाऊक आहे, आणि फक्त मलाच ठाऊक आहे. रात्री अकराच्या सुमारास सर्व निजले की मी स्वयंपाकघरात जाते. दिवा लावत नाही. शेव, शंकरपाळे, फ्रीजमधले आइस्क्रीम, जे हाती येईल ते उभ्या उभ्या थोडे थोडे खाते. पोट तट्ट झाले की थांबते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. घरात सर्वांना वाटते की माझा चौविहार आहे. दिवसा मी फार कमी खाते. सकाळी चहा, दुपारी सर्वांचे उरकल्यावर तीन वाजता थोडी खिचडी किंवा वरण-भात, आणि सूर्यास्तापूर्वी दुकानातून धावत येऊन दोन-चार घास. शस्त्रक्रियेला लाखो रुपये लागले. यजमानांनी एका शब्दानेही ते बोलून दाखवले नाही, म्हणून तर अधिक लाज वाटते. आई जाऊन आठ महिने झाले. ती दिवाळीला शंकरपाळ्यांचा डबा पाठवायची. आता वहिनी त्याच डब्यातून पाठवते. यंदा अठाई करून या पापाचे प्रायश्चित्त घ्यावे आणि त्यानिमित्ताने वजनही उतरावे, असा विचार आहे. करू का?”

यंदा अठाई नको

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम देते, कारण ते पुढे ढकलता येणार नाही. यंदा अठाई करू नका.

निरोगी माणूस आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहतो, तेव्हा तो तहान लागली की पेलाभर पाणी घटाघट पिऊ शकतो. तुमचे जठर आता अरुंद नळीसारखे आहे. पाणी घोट घोट घेऊनच दिवसाचा दीड-दोन लिटरचा आकडा गाठावा लागतो, आणि सूर्यास्तानंतर तेही बंद झाले तर शरीर कोरडे पडण्यास वेळ लागत नाही. दुसरे कारण ‘ब-१’ म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाचे. त्याचा शरीरातील साठा अवघ्या दोन-तीन आठवड्यांचा असतो. तुमचा आधीचा आहार इतका तुटपुंजा आहे की हा साठा पुरेसा असेल असे गृहीत धरता येत नाही. थायमिन संपले की चालताना तोल जाणे, दृष्टी दुहेरी होणे, स्मृती ढासळणे असे मेंदूचे व मज्जातंतूंचे विकार होतात आणि उशीर झाल्यास त्यांतील काही कायमचे राहतात. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो, तो निराळाच.

आणखी एक कारण आहे, ते शरीराचे नाही. तुम्ही तप करू इच्छिता की स्वतःला शिक्षा? दिवसभर उपाशी राहून रात्री खाण्याचे जे चक्र तुमच्या घरात रोज फिरते, तेच आठ दिवसांच्या मापाने फिरेल आणि पारण्यानंतर त्याचा वेग वाढेल. आपल्याकडे तप यथाशक्ती करावे असेच सांगितले आहे. आपल्या शस्त्रक्रियेची सर्व हकिगत साध्वीजींच्या कानी घाला आणि तुमच्या शक्तीला झेपेल असा नियम त्यांच्याकडून मागून घ्या. स्वाध्याय, सामायिक, मौन, यांपैकी कशालाही जठर मोठे असावे लागत नाही. आणि ऊणोदरीचे म्हणाल, तर भुकेपेक्षा थोडे कमी खाण्याचे हे तप तुमच्या शरीरात आता कायमचे वस्तीला आले आहे. ते नीट पाळणे हेच तुमचे मोठे काम आहे.

शस्त्रक्रियेने काय बदलले आणि काय नाही

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. तिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर, म्हणजे एका लहान वाटीइतके मावते. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर भाग असतो. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यत्वे तेथेच तयार होते. म्हणूनच पहिले काही महिने अनेकांना भूकच लागत नाही आणि ‘आता सुटलो’ असे वाटते.

पुढे शरीर सावरते. भूक हळूहळू परतते, नळी थोडी सैल होते. वजन बहुतेकांचे एक ते दोन वर्षांच्या दरम्यान सर्वांत कमी असते. त्यानंतर थोडे परत येणे सर्रास आढळते. तुमचाच हिशेब पाहा : ४२ किलो उतरले, त्यांतील ६ परतले, ३६ अजूनही जमेच्या बाजूला आहेत आणि साखरेची गोळी बंद आहे. व्यापाऱ्याच्या घरातील कोणीही या ताळेबंदाला दिवाळे म्हणणार नाही. मात्र गळती कोठे आहे ते आजच पाहिले पाहिजे, हेही तितकेच खरे.

जे बदलले नाही ते मन. लहानपणी पडल्यावर हातावर ठेवलेला लाडू, परीक्षेनंतरची मिठाई, पाहुण्यांसमोरचा आग्रह, सणाची कढई, यांतून ‘दुःख झाले, खा, आनंद झाला, खा’ हा पाठ आपण सर्वच शिकलो. तो मेंदूत लिहिलेला असतो आणि शल्यचिकित्सकाची सुरी तेथवर पोहोचत नाही.

शिवाय या मनाच्या भुकेला जे पदार्थ आवडतात, ते नव्या जठराला अडवता येत नाहीत. पनीरचा तुकडा किंवा घट्ट मुगाची उसळ नळीत बराच वेळ थांबते आणि ‘पुरे’ असा निरोप मेंदूला जातो. शेव, वेफर्स, चॉकलेट आणि आइस्क्रीम तोंडातच विरघळतात व खाली सरकतात. म्हणून तासभर थोडे थोडे चरत राहिले तर शस्त्रक्रियेचा लगाम लागतच नाही. तुमची इच्छाशक्ती दुबळी आहे असे यावरून ठरत नाही. लगाम कोणत्या पदार्थाला लागतो आणि कोणत्या पदार्थाला लागत नाही, एवढेच यावरून कळते.

आधी शरीराचा हिशेब

तुमच्या पत्रातील एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली : सकाळी चहा, तीन वाजता थोडी खिचडी, सायंकाळी दोन-चार घास. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. तुमच्या या यादीत ती १५ ग्रॅमही होत असतील की नाही, याची मला शंका आहे. याचा अर्थ, रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात जाणारी स्त्री निम्मी तरी खरोखरच उपाशी असते. ज्याला तुम्ही पाप म्हणता, त्यातला मोठा वाटा दिवसभराच्या थकबाकीचा आहे. ही उधारी रात्री वसुलीला येते.

म्हणून पहिला उपाय मनाचा नाही, ताटाचा आहे. दिवसातून तीन वेळा बसून जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा ठरवून घेतलेले लहान खाणे. प्रत्येक वेळी प्रथम प्रथिने, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी-भात. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम प्रथिने असतात, २५० मिलिलिटर दुधात ८, एका वाटी घट्ट वरणात ६ ते ७. दह्याचा चक्का, सोयाबीन, मूग-मटकीची उसळ, बेसनाचे धिरडे हे सर्व आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत दही एका वेळी आणि कडधान्य दुसऱ्या वेळी, अशी वाटणी करता येते. एवढ्यावर आकडा गाठला नाही तर आहारतज्ज्ञांना विचारून दुधापासून केलेली प्रथिनांची भुकटी घ्यावी.

जेवण वीस ते तीस मिनिटे चालावे, घास बारीक चावावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट घोट सुरू करावे. जेवणासोबतचे पाणी पोट लवकर रिकामे करते आणि भूक पुन्हा जागी होते. गोडाबाबत अधिक जपावे. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपास झालेल्यांना, गोड पटकन आतड्यात उतरल्याने धडधड, घाम, पोटात मुरडा असा त्रास अर्ध्या तासाच्या आत होऊ शकतो. काहींची साखर एक ते तीन तासांनी एकदम उतरते आणि तेव्हा पुन्हा गोड खावेसे वाटते. हे चक्रही अनेकदा ‘हाव’ समजले जाते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. ब-१२, ड, कॅल्शियम आणि लोह ही शस्त्रक्रियेनंतर जन्मभराची सोबत असते; शाकाहारी माणसाला ब-१२ची तर विशेषच. अनेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. त्या कारणाने कित्येक जण औषध गुपचूप सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगून गोळी किंवा चघळण्याचा प्रकार मागून घ्या. आणि एक लक्षात असू द्या : बर्फ, कच्चे तांदूळ, माती खाण्याची विचित्र ओढ लागली तर ते बहुधा लोह कमी झाल्याचे लक्षण असते. रक्त तपासून घ्यावे.

मग मनाचा रोजमेळ

शरीराची थकबाकी फिटली की जी भूक उरेल, ती मनाची. दोघींची ओळख पटवणे अवघड नाही. शरीराची भूक हळूहळू वाढते, थोडा धीर धरते आणि मुगाचे धिरडे दिले तरी शांत होते. मनाची भूक एकाएकी येते, तिला ठरावीक पदार्थच हवा असतो, पोट भरले तरी ती थांबत नाही आणि मागे खंत ठेवून जाते.

आपल्या घरात रोजमेळ लिहिण्याची सवय आहे. तशीच एक लहान वही करा. काय खाल्ले याबरोबर त्याआधी काय घडले तेही लिहा : किती वाजले होते, मी भुकेली होते का, रागावले होते का, एकटी होते का, थकले होते का. दोन आठवडे लिहा. वही कोणाला दाखवायची नाही आणि तिच्यात स्वतःला दोष द्यायचा नाही. जमाखर्च मांडताना मुनीम चिडत नाही, तसे. बहुतेक वेळा दोन-तीनच नोंदी पुन्हा पुन्हा येताना दिसतात आणि उपाय तेथेच करायचा असतो. थकवा असेल तर झोप हवी, राग असेल तर बोलणे हवे, एकटेपणा असेल तर माणूस हवे. शेवेने यांतले काहीच मिळत नाही, म्हणून ती कधी पुरत नाही.

ताई, तुमच्या वहीत काय निघेल ते मी सांगू शकत नाही. पण तुम्ही पत्रात आईबद्दल दोन वाक्ये लिहिलीत आणि थोड्याच ओळींत अठाईकडे वळलात. आठ महिने म्हणजे फार दिवस नव्हेत. माहेरचा तो डबा रात्री अंधारात उघडण्याऐवजी एखाद्या दुपारी, जेवणानंतर थोड्या वेळाने, उजेडात उघडा. दोन शंकरपाळे बशीत घ्या, बसून खा आणि मुलांना सांगा की आजी ते कसे करत असे. रडू आले तर येऊ द्या. जे बसून, बशीत घेऊन, कोणाच्या तरी सोबतीने खाल्ले जाते, ते अंधारातल्या खाण्याइतके वाढत नाही.

ओढ अनावर झाली तर

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट यांनी व्यसनांवर काम करताना एक रीत शिकवली. ओढ ही लाटेसारखी असते. तिच्याशी झुंजू नये आणि तिच्यात वाहूनही जाऊ नये. ती उठते, शिगेला पोहोचते आणि ओसरते, हे पाहत राहावे. बहुतेक लाटा अर्ध्या तासाच्या आत ओसरतात. सामायिक ४८ मिनिटांचे असते. तेवढा वेळ एका आसनावर बसून मनात उठणाऱ्या गोष्टी नुसत्या पाहण्याची सवय ज्या घरांत आहे, त्यांना ही रीत परकी वाटू नये. घड्याळ लावा, स्वयंपाकघराबाहेर बसा, शरीरात ओढ कोठे जाणवते ते पाहा : जिभेवर, छातीत, की हातांत? एकदा लाट ओसरलेली पाहिली की पुढच्या वेळी तिची भीती कमी होते.

मात्र भूक शरीराची असेल तर लाट पाहत बसू नका. रात्री अकराला खरी भूक लागत असेल तर सायंकाळचे जेवण दुरुस्त करा. चौविहाराबाबतही साध्वीजींशी मोकळेपणाने बोला. जो नियम मोडतो आणि लपवावा लागतो, त्यापेक्षा काही महिने तिविहार घेऊन रात्री पाण्याची मोकळीक ठेवता येईल का, हे त्या सांगतील.

आणि पाय घसरलाच, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून भरपाई करू नका. सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी, ठरल्या मापाने घ्या. नव्या दिवसाचे पान कोरे असते.

घरच्यांसाठी चार शब्द

हा अंक घरातील सर्व वाचतात, म्हणून लिहिते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दोन गोष्टींचा जाच होतो : आग्रह आणि पहारा. ‘एका पेढ्याने काय होते’ हेही नको आणि ‘पुन्हा खाताय? एवढा खर्च केला तो कशाला?’ हेही नको. आग्रहाने माणूस खातो, पहाऱ्याने लपून खातो.

करण्यासारखे पुष्कळ आहे. सायंकाळी साडेपाच ते सहा गल्ल्यावर दुसऱ्या कोणी बसावे, म्हणजे तिला धावत येऊन उभ्याने दोन घास गिळावे लागणार नाहीत. घरातील सून सर्वांत शेवटी जेवते ही पद्धत निदान तिच्यापुरती तरी बदलावी. फरसाणाचे डबे समोरच्या फळीवरून उचलून मागे ठेवावेत. एकासाठी सर्वांनी सोडावे असे नाही, पण समोर नसलेली वस्तू कमी आठवते. आणि वजन किती झाले हे विचारण्याऐवजी आज कशी आहेस, हे विचारावे.

पुरुष वाचकांसाठी एक इशारा. बायपास शस्त्रक्रियेनंतर मद्य फार लवकर रक्तात भिनते, आणि दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या आहारी जाण्याचे प्रमाण वाढते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात दिसले. खाण्याचा आधार गेला की मन दुसरा आधार शोधते. आपल्या घरात असे होणारच नाही असे गृहीत धरू नये.

मदत केव्हा घ्यावी

आठवड्यातून अनेकदा खाण्यावरचा ताबा सुटत असेल, लपून खाणे चालू असेल, उलट्या थांबत नसतील, किंवा मन सतत खिन्न असेल, तर थांबू नये. उलट्यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अनावर खाणे हा उपचार होणारा विकार आहे; विचार व वर्तन यांवर काम करणारी समुपदेशन पद्धत त्यात उपयोगी पडते, गरजेनुसार औषधेही असतात. ‘जगून काय उपयोग’ असे विचार शस्त्रक्रियेनंतर काहींच्या मनात येतात; ते आले तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगावे. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, तेथे मराठीत बोलता येते.

ताई, प्रथम शल्यचिकित्सकांकडे आणि आहारतज्ज्ञांकडे जा, रक्त तपासा, आणि जमल्यास या खेपेस यजमानांना सोबत न्या. ज्यांनी खर्चाचा शब्द काढला नाही, ते हेही ऐकून घेतील असे तुमच्या पत्रावरूनच मला वाटते. सोळा महिने तुम्ही हे एकटीने वाहिले आहे. क्षमापनेच्या दिवशी आपण सर्वांची क्षमा मागतो. यंदा त्या यादीत स्वतःचेही नाव घाला.

संवत्सरीनंतर पुन्हा पत्र लिहा. वजन नाही कळवलेत तरी चालेल; सायंकाळचे जेवण बसून होते की नाही, एवढे मात्र कळवा.